चहाच्या मळ्यांतील जमिनीचे देणे

डॉ. हॅरल्ड मॅन हे नाव महाराष्ट्रात ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना ते दख्खनच्या खेड्यांचे अभ्यासक म्हणून परिचयाचे आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य म्हणून ते १९०७ साली येथे आले, पुढे मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्याचे संचालक झाले, आणि पिंपळे सौदागर या पुण्यालगतच्या गावातील जमिनीचे तुकडे, सावकाराचे कर्ज, कुटुंबांचे उत्पन्न आणि मजुरी यांची त्यांनी मराठी सहकाऱ्यांसह केलेली जी पाहणी १९१७ साली प्रसिद्ध झाली, तिने ग्रामीण अर्थव्यवहाराच्या अभ्यासाला आपल्याकडे एक नवी शिस्त लावून दिली. नीरेच्या खोऱ्यात कालव्याच्या पाण्याने ज्या जमिनी खारावल्या आणि चोपण झाल्या, त्यांचाही शोध त्यांनी ताम्हणे या सहकाऱ्यासह घेतला व तो १९१० साली छापून निघाला. परंतु पुण्यास येण्यापूर्वी सुमारे सात वर्षे हे रसायनशास्त्रज्ञ चहामळेवाल्यांच्या संघाच्या नोकरीत राहून ईशान्येकडील मळ्यांची माती तपासत होते, आणि आसामातील चहाच्या जमिनींवरचे त्यांचे पुस्तक १९०१ साली बाहेर पडले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. दख्खनमध्ये त्यांना जमिनीत साचून राहिलेल्या क्षारांचा प्रश्न सोडवावयाचा होता, तर आसामात पावसाने चुना आणि इतर विम्ल द्रव्ये धुऊन नेलेल्या जमिनीचा. त्या दुसऱ्या प्रश्नाने आज मळ्यांतील झुडपांना आणि माणसांनाही ग्रासले आहे, म्हणून त्याची हकीकत मुळापासून सांगणे अवश्य आहे.

चहाचे झुडूप जमिनीच्या बाबतीत किती चोखंदळ आहे, याचा प्रत्यय ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारला आरंभीच आला होता. सिंगफो लोकांच्या मुलखात चहाचे झाड रानात उगवते ही वार्ता रॉबर्ट ब्रूस या व्यापाऱ्याला १८२३ च्या सुमारास लागली. १८३४ साली गव्हर्नर-जनरल बेंटिंकने चहासमिती नेमली, चीनमधून बी मागविण्यात आले, कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात त्याची रोपे तयार झाली आणि त्यांपैकी सुमारे २०,००० रोपे वरच्या आसामकडे रवाना करण्यात आली. वाटेत जी जगली ती सदियाजवळ सैखोवा येथे, कुंडिल नदी जेथे ब्रह्मपुत्रेस मिळते तेथील किनाऱ्यावर लावली गेली. ती जागा नौकांच्या दळणवळणाला सोयीची होती खरी, पण वर पोयट्याचा पातळ थर आणि त्याखाली निव्वळ वाळू असल्यामुळे रोपांची मुळे त्या वाळूत उतरताच ती एकामागून एक वाळून गेली, आणि उरलीसुरली रोपे जयपूर नावाच्या तिकडच्या ठाण्याजवळ हलवावी लागली. याच सुमारास सरकारने वॉलिक, ग्रिफिथ व मॅक्लेलंड या तिघा शास्त्रज्ञांना रानचहाची ठिकाणे पाहण्यासाठी धाडले होते; त्यांतील मॅक्लेलंड हा भूगर्भशास्त्राचा जाणकार असल्यामुळे त्याने मातीकडे विशेष लक्ष पुरविले, आणि पुराच्या पाण्यापासून अलिप्त अशा उंचवट्यांवरील हलक्या, सच्छिद्र, पिवळसर मातीत हे झाड आपण होऊन वाढते, हे नोंदवून ठेवले. म्हणजे मळ्यांचा व्यवसाय सुरू होण्यापूर्वीच, कोणती जमीन चहाला मानवते आणि कोणती मानवत नाही, हे सरकारच्या दप्तरी दाखल झालेले होते.

तथापि जमिनी वाटताना ज्या अटी घालण्यात आल्या त्यांनी लक्ष मातीच्या प्रतीकडून एकरांच्या संख्येकडे वळविले. १८३८ च्या पडीक जमिनींच्या नियमान्वये किमान १०० एकरांचा पट्टा ४५ वर्षांच्या मुदतीने मिळे, आणि त्याचा चौथा हिस्सा ठराविक वर्षांत लागवडीखाली आणणे पट्टेदारावर बंधनकारक असे. १८५४ मध्ये ही मुदत ९९ वर्षांची झाली. ज्या जमिनींना पडीक हे नाव देण्यात आले त्यांत स्थानिक रयतेची फिरती शेती आणि गायराने यांचाही पुष्कळ भाग मोडत होता. १८६० नंतर लंडन आणि कलकत्ता येथील भांडवलदारांमध्ये मळ्यांच्या भागांविषयी जो सट्टा माजला, त्यात न पाहिलेल्या जमिनी विकल्या गेल्या, दलदलीवर आणि खडकाळ टेकाडांवर रोपे लावली गेली, आणि १८६६ साली हा डोलारा कोसळला. त्यातून जे मळे तगले ते चांगल्या जमिनीवरचे होते, आणि त्यांच्या पायाखाली शतकानुशतके कुजत आलेल्या अरण्याच्या पालापाचोळ्याचा संचय होता. पहिल्या दोन पिढ्यांच्या मळेवाल्यांनी जे उत्पन्न काढले ते या संचयातून काढले, आणि ताळेबंदात मात्र ते नफा म्हणून दाखविले गेले.

येथे मातीच्या रसायनाविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण चहाच्या बाबतीत ते इतर पिकांच्या नेमके उलट आहे. गहू किंवा हरभरा यांना ज्या आम्लधर्मी जमिनीत जगणे कठीण, तीच चहाला हवी असते. मातीचा सामू, म्हणजे पीएच, साडेचार ते साडेपाच यांच्या दरम्यान असला म्हणजे चहा उत्तम वाढतो. अशा मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांशी येतो, आणि जो इतर पिकांची मुळे जाळतो तो चहाचे झुडूप निमूटपणे शोषून आपल्या जुन्या पानांत साठविते. ती पाने गळून पडली म्हणजे तोच ॲल्युमिनियम पुन्हा वरच्या थरात मिसळतो. शिवाय चहाची मुळे अन्न घेताना स्वतःही आम्ल बाहेर टाकतात. याचा अर्थ असा की, कोणी काही केले नाही तरी चहाची जमीन वर्षानुवर्षे हळूहळू अधिक आम्ल होत जाणार, आणि आसामसारख्या मुलखात, जेथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास व कित्येक ठिकाणी त्याहूनही अधिक पाऊस कोसळतो, तेथे चुना, मॅग्नेशियम आणि पालाश ही द्रव्ये त्या पाण्याबरोबर खाली झिरपून नाहीशी होणार. सामू चारच्या खाली उतरला की चहालाही ते सोसत नाही. स्फुरद लोह व ॲल्युमिनियम यांच्याशी जखडला जाऊन मुळांना मिळेनासा होतो, जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागतो, आणि वरून घातलेले खत झुडपाला लागण्याऐवजी नाल्याची वाट धरते. सामूचे माप असे आहे की एका अंकाची घसरण म्हणजे आम्लतेत दहापट वाढ, म्हणून पाचावरून चारावर आलेली जमीन थोडीशी बिघडली असे म्हणण्याची सोय उरत नाही.

या स्वाभाविक घसरणीला वेग आला तो रासायनिक खतांनी. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅनसाहेब आणि त्यांचे सहकारी मळेवाल्यांना जो उपदेश करीत होते तो पेंड, शेणखत आणि हिरवळीचे खत यांचा होता. माटीकलाई नावाचे उडदाच्या जातीचे कडधान्य झुडपांच्या ओळींमध्ये पेरून फुलोऱ्याच्या सुमारास मातीत गाडावे, बोगा मेडेलोवा नावाचे पांढऱ्या फुलांचे शेंगावर्गी झुडूप वाढवून त्याची डहाळी तोडून अंथरावी, आणि शिरीषाच्या जातीची सावलीची झाडे राखावीत, अशा त्या गोष्टी होत्या. सावलीच्या झाडांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात आणि त्यांचा बारीक पाला सतत गळून कुजत राहतो, हे त्यांनी जाणले होते. पुढे अमोनियम सल्फेट स्वस्त झाले, त्यानंतर युरिया आला, आणि पाला वेचण्याचे, पेरण्याचे व गाडण्याचे कष्ट एका गोणीने वाचले. पण अमोनियाच्या नत्राचे नायट्रेटमध्ये रूपांतर करताना मातीतील जिवाणू आम्ल सोडतात, आणि अमोनियम सल्फेटचा या बाबतीत सर्व खतांत वरचा क्रम लागतो. जे द्रव्य पीक वाढविते तेच जमिनीला चाराच्या दिशेने ढकलते, हा चहाच्या खतशास्त्रातील मुख्य पेच आहे. डोलोमाइटची पूड बेताने टाकून तो सैल करता येतो, पण त्यासाठी प्रत्येक तुकड्याची माती नियमाने तपासून घ्यावी लागते. तिकडे उत्तर बंगालच्या दुआर्समधील काही मळ्यांवर याच्या अगदी विरुद्ध आपत्ती ओढवली असून भूतानच्या डोलोमाइट खाणींतील गाळ नद्यांच्या पुराबरोबर येऊन तेथील आम्ल जमिनी चहाला नकोशा इतक्या विम्ल करीत आहे.

आता जमिनीतून काय जाते याचा हिशेब पाहावा. दोन पाने आणि एक कळी अशी जी खुडणी होते, तिच्यात झुडपाचा सर्वांत कोवळा आणि म्हणून सर्वांत पौष्टिक भाग जातो. तयार चहात सुमारे चार ते पाच टक्के नत्र आणि दोन टक्क्यांच्या आसपास पालाश असतो. हेक्टरी २,००० किलो चहा देणाऱ्या मळ्यातून म्हणजे दरसाल ८० ते १०० किलो नत्र पेट्यांत भरून बाहेर जातो. तो खताने परत करता येतो. सेंद्रिय द्रव्य मात्र गोणीतून परत करता येत नाही, आणि ते परत करण्याचा जो एक मोठा मार्ग मळ्यातच आहे, त्याच्याविषयी येथे तपशिलाने लिहिले पाहिजे.

मार्गशीर्ष-पौषात, खुडणी थांबली म्हणजे, मळ्यांत छाटणी सुरू होते. पुरुष मजूर लांब पात्याचा कोयता घेऊन कमरेइतके झुडूप एका तिरप्या घावात गुडघ्याच्या वर आणून सोडतात, आणि ओळींमध्ये हिरव्या पानांसकट काटक्यांचा घोट्याएवढा थर पडतो. हा थर तेथेच राहू दिला तर पहिल्या पावसापर्यंत पाने काळी पडून मातीशी एकजीव होतात, तिला ओल धरून ठेवण्याची शक्ती येते, आणि झुडपाने दोन-तीन वर्षांत घेतलेले पुष्कळसे द्रव्य त्याच्याच मुळांशी परत जाते. परंतु संध्याकाळी, हजेरी संपल्यावर, मजूरवस्तीतील बायका दोरी घेऊन येतात, बोटाएवढ्या जाड फांद्या निवडून त्यांच्या मोळ्या बांधतात आणि डोक्यावर घेऊन वस्तीची वाट धरतात. मजुरीच्या सोबत स्वस्त धान्य, घर आणि सरपण देण्याची रीत या मळ्यांत जुनी आहे. जेथे सरपणाचा वाटा अपुरा पडला किंवा वेळेवर मिळाला नाही, तेथे चूल पेटविण्यासाठी बाईने दुसरे काय करावे? मळ्याची जमीन आणि मळ्यातील चूल अशा रीतीने एकाच मोळीवर हक्क सांगत असतात. मृदाशास्त्राच्या अहवालांत छाटणीचे द्रव्य जागेवर ठेवण्याची शिफारस आवर्जून असते, आणि मला असे वाटते की त्या शिफारशीच्या शेजारीच गॅसच्या टाकीची किंमत आणि बाईची दिवसाची मजुरी लिहिल्याशिवाय ती शिफारस अपुरी राहते. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ही मजुरी ऑक्टोबर २०२३ पासून रोजी २५० रुपये झाली.

जमिनीचा ऱ्हास डोळ्यांनी पाहावयाचा असेल तर मळ्याच्या निचऱ्याच्या नाल्यात उतरावे. आसामच्या सपाट मळ्यांत कमरेइतके किंवा छातीइतके खोल नाले खणलेले असतात, आणि पावसाळा सरल्यावर त्यांचा ताजा खरडलेला काठ मातीचा इतिहास उघडून दाखवितो. चांगल्या तुकड्यात वरची वीत-दीड वीत माती काळपट, भुसभुशीत, मुळांच्या जाळ्याने विणलेली असते, आणि तिच्याखाली तांबूस पोयटा दूरवर एकसारखा उतरत जातो. जेथे निचरा बिघडला आहे तेथे काळपट थर चार बोटांचा होतो, त्याखाली कुदळ लागताच ठणकन वाजेल असा घट्ट थर येतो, आणि अडीच-तीन फुटांवर राखी मातीत गंजाच्या रंगाचे पट्टे दिसू लागतात. ते पट्टे म्हणजे पाणी तेथपर्यंत चढते, तुंबते आणि उतरते याची खूण. बारीक मुळे त्या सीमेवर येऊन काळी पडून कुजलेली असतात. अशी चिबड जमीन पावसाळ्यात मुळांना गुदमरविते आणि उन्हाळ्यात, मुळे वरच थांबल्यामुळे, त्यांना तहानेने मारते. एकाच झुडपाला एकाच वर्षात दोन्ही यातना. १५ ऑगस्ट १९५० च्या महाभूकंपाने डोंगर कोसळून ब्रह्मपुत्रेच्या पात्रात एवढा गाळ आला की दिब्रुगडजवळ नदीचा तळ कित्येक फुटांनी वर आला, आणि ज्या मळ्यांचे नाले पूर्वी सुखाने नदीकडे वाहत होते त्यांतील कित्येकांच्या पाण्याला उतार उरला नाही. त्याच्या आगेमागेच, १९४९ साली, जोरहाटच्या तोकलाई प्रयोगकेंद्राने कलमी चहाच्या पहिल्या जाती बाहेर काढल्या. त्यांनी उत्पन्न वाढविले, पण बियांपासून वाढलेल्या झुडपाला जे सोटमूळ असते ते कलमाच्या रोपाला नसते, आणि उथळ तंतुमुळांवर जगणाऱ्या झुडपाला वरच्या वीतभर मातीच्या प्रकृतीवर सर्वस्वी विसंबून राहावे लागते. जुन्या काळी थंडीत खोल कुदळणी करीत. तिचा उपयोग मुख्यतः तण मारण्यापुरताच होतो असे प्रयोगांनी दिसल्यावर तिची जागा तणनाशकांनी घेतली, आणि उघडी, टणक, गांडुळांवाचून ओकी अशी जमीन ओळींमध्ये दिसू लागली. अशा जमिनीतील सेंद्रिय कर्ब एक टक्क्याच्या खाली गेला म्हणजे खताची मात्रा वाढवीत राहूनही झुडूप प्रतिसाद देत नाही, आणि अशक्त झुडपावर तांबडा कोळी व हेलोपेल्टिस या किडींची धाड पडून फवारणीचा खर्च वर चढतो.

याच मातीने माणसांचे काय केले हे सांगितल्याखेरीज ही हकीकत पुरी होत नाही. छोटा नागपूर, संथाळ परगणा आणि ओरिसा येथून आरकाटी नावाच्या दलालांनी भरती करून आणलेल्या मजुरांपैकी १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत आसामात उतरलेले लोक सुमारे ८५,००० होते, आणि त्यांतील ३०,००० हून अधिक त्याच अवधीत दगावले. पुढे १८९० साली सैन्याचे डॉक्टर जी. एम. जाइल्स यांनी आसामातील काळा आजार व मजुरांमधील सूज-पांढरेपणा यांचा तपास करून असा निष्कर्ष मांडला की या सर्वांचे कारण आतड्यातील अंकुशकृमी होय. काळ्या आजाराविषयीचे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले, पण अंकुशकृमीविषयीचे निरीक्षण महत्त्वाचे होते. या कृमीची अंडी विष्ठेतून सावलीतील, ओलसर, भुसभुशीत मातीत पडतात, तेथे त्यांच्या अळ्या होतात, आणि त्या अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरून आतड्यापर्यंत पोचतात व रक्त शोषतात. चहाच्या झुडपाला जी ओल, सावली आणि उबारा लागतो, तोच या अळीलाही मानवतो, आणि पाणी तुंबलेल्या नाल्यांच्या, शौचकूप नसलेल्या वस्त्यांच्या मळ्यात दोघांचाही मुक्काम एकत्र पडतो. १९५१ च्या मळेमजूर कायद्याने घरे, दवाखाने, पाणी आणि शौचालये ही मालकांची जबाबदारी ठरविली. त्याला सत्तर वर्षे उलटून गेली, तरी मळ्यांतील स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्वत्र आढळतो, आणि मातामृत्यूच्या प्रमाणात आसाम दीर्घकाळ देशातील राज्यांत सर्वांत वर राहिला. नमुना-नोंदणीच्या २०१६–१८ च्या आकड्यांत ते प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे २१५ होते. जी बाई दिवसाला वीस-बावीस किलो हिरवे पान खुडून पाठीवर वाहते, तिच्या रक्तातील लोह आणि तिच्या पायाखालच्या मातीतील कर्ब हे दोन आकडे दोन वेगळ्या खात्यांच्या कपाटांत पडून राहतात, हे मला या साऱ्या व्यवहारातील अत्यंत अन्यायाचे अंग वाटते. जमिनीच्या तुकड्यापासून कुटुंबाच्या ताटापर्यंत एकाच पाहणीत पोचण्याची जी रीत पुण्याजवळच्या खेड्यात शक्य झाली, ती एखाद्या मळ्यात अद्याप का झाली नाही, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांना विचारण्यासारखा आहे.

दार्जिलिंगची कथा निराळी, कारण तेथे पाणी तुंबत नाही, ते जमीनच घेऊन उतरते. १८९९ च्या सप्टेंबरात आणि १९६८ च्या ऑक्टोबरात डोंगरच्या डोंगर कोसळले, आणि त्या घावांखेरीज दर पावसाळ्यात उतारांवरील वरचा थर थोडाथोडा नाहीसा होत असतो. पुष्कळ मळे सेंद्रिय झाले, उत्पन्न घटले, २०१७ च्या १०४ दिवसांच्या बंदने झुडपे वाढून रान झाली. या डोंगरी प्रदेशाला स्वतंत्र लेखच लागेल. आसामात मात्र दुसरा बदल घडला. १९७८ नंतर राज्याचे तत्कालीन कृषिमंत्री सोनेश्वर बरा यांच्या प्रयत्नांनी छोट्या शेतकऱ्यांनी आपल्या उंचवट्यावरच्या जमिनीत चहा लावण्यास आरंभ केला, आणि आज देशातील निम्म्याहून अधिक पान छोट्या उत्पादकांकडून येते. त्यांच्यापाशी रसायनशाळा नाही, निचऱ्याचा अभियंता नाही, आणि खताची मात्रा दुकानदार सांगेल ती. मोठ्या मळ्यांनी शंभर वर्षांत ज्या चुका केल्या त्या त्यांना तीस वर्षांत करावयास लावणारी ही व्यवस्था आहे, आणि तोकलाईच्या प्रयोगशाळेतील ज्ञान त्यांच्या बांधापर्यंत पोचविणे हे राज्याच्या कृषी खात्याचे पहिले काम असले पाहिजे.

उपाय अज्ञात नाहीत. चहाचे झुडूप सुमारे पन्नास वर्षे किफायतशीर राहते, म्हणून दरसाल मळ्याचा पन्नासावा हिस्सा, म्हणजे दोन टक्के जमीन, उपटून नव्याने लावली पाहिजे, आणि उपटल्यानंतर जुनी खोडे-मुळे काढून टाकून ती जमीन दीड ते दोन वर्षे ग्वाटेमाला गवत किंवा तत्सम पिकाखाली विश्रांतीस ठेवली पाहिजे, हे तोकलाईचे जुने मार्गदर्शन आहे. जुनी मुळे मातीत राहिली की त्यांवर पोसलेली मूळकूज नव्या रोपांना लागते, आणि विश्रांतीवाचून लावलेली रोपे पहिल्या दहा वर्षांतच खुंटतात. मग नवे झुडूप पूर्ण उत्पन्नावर येण्यास आणखी पाच-एक वर्षे. एवढा काळ त्या तुकड्यातून पूर्ण उत्पन्न मिळत नाही, म्हणून पुष्कळ मळेवाले उपटणेच टाळतात, आणि साठ-सत्तर वर्षांची झुडपे त्याच थकलेल्या मातीत उभी राहतात. चहामंडळाने २००७ साली पुनर्लागवडीसाठी खास निधी उभारला. त्यात उपटणी, रोपे आणि लागवड यांचा खर्च धरला गेला.

जमिनीच्या विश्रांतीच्या त्या दोन वर्षांत मजुरांचे काय होते, हा मला यातील कळीचा प्रश्न वाटतो. मळ्यात कायम मजुरांशिवाय ज्यांना फालतू म्हणतात असे हंगामी मजूर असतात, आणि त्यांत बायका पुष्कळ. खुडणीचे क्षेत्र कमी झाले की पहिली हजेरी त्यांची जाते. म्हणून मातीला विश्रांती द्या असे मजूरसंघटनांनीही मोकळेपणाने म्हणणे कठीण होऊन बसते. वास्तविक ग्वाटेमाला गवत नुसते उभे करून भागत नाही. ते वर्षातून अनेकदा कमरेइतके वाढले की कापावे लागते आणि शेजारच्या तरुण लागवडीच्या मुळांशी हातभर जाडीने अंथरावे लागते, तेव्हाच त्याचा उपयोग होतो. हे काम हातांनी होणारे आहे आणि त्यासाठी माणसे लागतात. पुनर्लागवडीच्या अनुदानात गवताच्या कापणीची आणि अंथरणीची मजुरी, पूर्ण दराने आणि पूर्ण दोन वर्षांसाठी, वेगळ्या सदराखाली धरली, आणि ती हजेरीपुस्तकावरून थेट मजुराच्या खात्यात गेली, तर त्याच बायकांना त्याच तुकड्यात काम मिळते; आणि पट्ट्याचे नूतनीकरण करताना महसूल खात्याने प्रत्येक तुकड्याच्या मातीतपासणीचा दाखला मागितला, तर मळेवाल्यालाही तो तुकडा उपटण्यास पुढच्या पिढीची वाट पाहता येणार नाही.